खोडदला सिग्नल आला, पुढे काय?

प्रश्न: खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर परग्रहावरून सिग्नल येतो, अशी एक दीर्घकथा मी लिहीत आहे. नायिका रातोरात सिग्नलचा अर्थ लावते, सरकार बातमी दाबायला बघतं, आणि शेवटी पृथ्वी उत्तर पाठवते. मित्रांना वाचायला दिली तर सगळ्यांचं एकच म्हणणं, 'पटत नाही.' प्रत्यक्षात असं काही घडलं तर नेमकं काय होईल? आणि ते कथेत कसं आणावं?

उत्तर: तुमच्या मित्रांना काय खटकलं असेल याचा मला अंदाज आहे. तुमची नायिका पडद्यावर सिग्नल बघते आणि तिला लगेच कळतं. आमच्या धंद्यात असं कुणालाच कळत नाही. मी तीसेक वर्षं रेडिओ रिसीव्हरांच्या मागे काढली आणि त्यातली निम्मी तरी आकाशातून न आलेल्या सिग्नलांचा माग काढण्यात गेली. अनोळखी रेघ दिसली की आमच्या मनात पहिला प्रश्न 'कोण बोलतंय?' हा येत नाही. 'कुणाचं गळतंय?' हा येतो. तुमच्या कथेतून नेमका हाच प्रश्न गायब आहे, आणि माझ्या मते खरी कथा तिथेच आहे.

एक प्रसंग सांगतो. दुर्बीण कुठली ते सोडून द्या. मी नोकरीत नवा, संध्याकाळची पाळी. समोर नेहमीचा 'वॉटरफॉल' चालू. म्हणजे पडद्यावर आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ. दर क्षणाला वर एक नवी ओळ येते आणि आधीच्या ओळी धबधब्यासारख्या खाली सरकतात. बहुतेक वेळ त्यात करड्या ठिपक्यांशिवाय काही नसतं. त्या दिवशी त्या ठिपक्यांत एक बारीक उजळ रेघ उमटली, आणि ती सरळ खाली न उतरता हळूहळू डावीकडे कलत गेली. मी पुस्तकं वाचून आलेला. आपण फिरत्या पृथ्वीवर बसलो आहोत, त्यामुळे बाहेरच्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी आपल्याला सावकाश सरकताना दिसणार, म्हणजे डॉप्लर परिणाम, हे पाठ होतं. हाताला घाम फुटला.

आमचे वरिष्ठ चहाचा कप घेऊन आले, रेघ पाहिली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "दुर्बीण हलव."

"सर, आत्ता हलवली तर सिग्नल जाईल."

"गेला तर बरंच आहे की. जातो का तेच बघायचंय."

दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला घेतली. रेघ होती तशीच. माझा परग्रहाशी संपर्क एकूण अकरा मिनिटं टिकला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही ती रेघ वहीत टिपत होतो. रोज दिवेलागणीला येते, रात्री दहाच्या सुमारास जाते. आल्या आल्या भराभर सरकते, मग स्थिरावते. गुरुवारी येत नाही. गुरुवारचं कोडं आमच्या ड्रायव्हरनं सोडवलं: "सर, पलीकडच्या वाडीला गुरुवारी लोडशेडिंग असतं." मग जीप काढली, मी मागे हातात यागी, म्हणजे एकाच दिशेचं ऐकणारा अँटेना धरून उभा, आणि सिग्नल जिकडे वाढेल तिकडे गाडी. शेवटी एक पत्र्याचं घर, बांबूवर टीव्हीचा अँटेना आणि त्याच्याखाली पावसापासून वाचावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बूस्टर. बूस्टर बिघडला की तो स्वतःच ट्रान्समीटर होऊन बसतो, आणि तापत जातो तशी त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. माझा डॉप्लर परिणाम तो हाच.

घरातल्या आजींनी चहा केला. "आमच्या टीव्हीनं तुमचं काय बिघडलं?" म्हणून विचारलं. आम्ही समजावून सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या.

"म्हंजे आमी टीव्ही कवा लावतो, कवा बंद करतो, ते समदं तुमाला तिकडं कळत हुतं?"

"हो."

"आन् बेस्तरवारी लाइट नसती, तेबी?"

"तेही."

त्यांनी पदर सारखा केला आणि दाराकडे बघितलं. राग नव्हता, भीतीही नव्हती. कोण कुठली माणसं इतके दिवस आपलं घर ऐकत होती, हे कळल्यावर माणूस जसा बघतो तसं बघितलं. आम्ही नवा बूस्टर बसवून दिला, विषय संपला. पण पहिल्या संपर्काची कथा कुणी वाचायला दिली की मी त्या नजरेची आठवण ठेवून वाचतो. आजींनी आम्हाला काहीही सांगायचं ठरवलं नव्हतं. त्यांच्या घराचं वेळापत्रक मात्र आमच्या वहीत होतं.

आता आकाशातलं आणि जमिनीवरचं वेगळं कसं करतात ते सांगतो, कारण तुमच्या नायिकेला हे हातानं करावं लागेल. पहिली खूण घड्याळाची. माणसाचं यंत्र माणसाच्या घड्याळानं चालतं, चोवीस तासांनी. तारे मात्र रोज जवळजवळ चार मिनिटं लवकर उगवतात. त्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. त्यामुळे एखादा सिग्नल आज नऊला दिसला, उद्या आठ छप्पन्नला, महिन्याभरानं सातला, तर पोटात गोळा यायला हरकत नाही.

१९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झालं. तिच्या दुर्बिणीतून रोज ९६ फूट कागद बाहेर पडायचा आणि तो सगळा ती डोळ्यांनी तपासायची. त्यात पेराएवढा एक गचाळ डाग तिला पुन्हा पुन्हा दिसला, आणि तो ताऱ्यांच्या घड्याळानं येत होता. नोव्हेंबरात कागद वेगानं पळवून पाहिलं तर १.३ सेकंदाच्या अंतरानं टकटक टकटक. इतका नेमका ठोका निसर्गात कुणी ऐकलेला नव्हता. प्रयोगशाळेत अर्ध्या थट्टेत त्याचं नाव पडलं 'एलजीएम-१', छोटी हिरवी माणसं. बेल बाईंनी नंतर सांगितलं आहे की तेव्हा त्या आनंदल्या वगैरे नव्हत्या, वैतागल्या होत्या. पीएचडी संपवायची घाई, आणि या हिरव्या माणसांना नेमका माझाच अँटेना सापडावा! नाताळाच्या आधी, हे जाहीर कसं करायचं याची वरिष्ठांची चर्चा चालली होती. त्याच रात्री बेल बाईंना आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच एक डाग सापडला. कडाक्याच्या थंडीत रिसीव्हर नीट चालेना. त्याला शिव्या देऊन, त्यावर फुंकर घालून त्यांनी तो जेमतेम पाच मिनिटं चालवला. तेवढ्यात दुसरी टकटक मिळाली, सव्वा सेकंदाच्या आसपासची. दोन विरुद्ध दिशांना राहणारी हिरवी माणसं एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं आपल्यालाच हाका मारतील हे संभवत नाही. हिरवी माणसं गेली, पल्सार सापडले, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरत नेमके ठोके देणारे तारे.

बघा, यात नाट्य कमी आहे का? एक मुलगी, थंडी, बंद पडणारं यंत्र आणि पाच मिनिटं. सिग्नल उलगडण्याची गरजच पडली नाही.

उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीचं. तिथे वर्षानुवर्षं मधूनच एक विचित्र स्पंद यायचा. दुरून आलेल्या सिग्नलसारखाच दिसणारा, पण संशयास्पद, कारण तो बहुतेक कामाच्या वेळात आणि जेवणाच्या सुमारास यायचा. २०१५ साली उलगडा झाला. जेवण गरम करताना कुणाला धीर धरवत नव्हता आणि मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधीच दार उघडलं जात होतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात जगातल्या एका उत्तम दुर्बिणीला माणसाची भूक ऐकू आली आहे.

तुमची कथा खोडदची आहे, तर तिथलं यंत्र नीट समजून घ्या. तिथे एकच दुर्बीण नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मधल्या चौकात जवळजवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण दोरांवर ताणलेल्या बारीक जाळीची बांधली, म्हणून ती आपल्याला परवडली. तुमच्या मसुद्यात 'प्रचंड पांढरी तबकडी चंद्रप्रकाशात चमकत होती' असं वाक्य आहे. ती तबकडी भरीव नाही हो, तिच्यातून आरपार आभाळ दिसतं! आणि हे वर्णन म्हणून कितीतरी चांगलं आहे.

या पसरलेपणाचा कथेला सरळ उपयोग आहे. दूरच्या ताऱ्यावरून आलेली लहर प्रत्येक डिशला ठरावीक, आधी गणित करून सांगता येईल इतक्या उशिरानं भेटते. वाडीतल्या बूस्टरला ते गणित जमत नाही. म्हणजे खोडदला 'हे जमिनीवरचं आहे का?' ही शंका फार काळ टिकणार नाही, आणि तिथे तुम्ही चार प्रकरणं खर्च करू नका. टिकेल ती पुढची शंका: हे आकाशातलं आहे, पण माणसाचं तर नाही ना? उपग्रह, निकामी यान, गुप्त विमान. १९६० साली अमेरिकेतल्या ग्रीन बँकला खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी पहिल्यांदा दोन ताऱ्यांकडे कान लावला, तेव्हा पहिल्याच दिवशी दुसऱ्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवताच जोरदार ठोके ऐकू आले. ते उंचावरून उडणाऱ्या विमानाचे निघाले. २०१९ च्या नोंदींमध्ये पार्क्सलाच ९८२ मेगाहर्ट्झवर एक रेघ सापडली, तीही आपल्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याच्या, प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेला. दुर्बीण हलवली की जायची, परत आणली की यायची! आमच्या वरिष्ठांच्या परीक्षेत ती पास झाली असती. पण कसून शोधल्यावर दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवर तिची चुलत भावंडं सापडली, तशाच चालीनं सरकणारी, आणि ती सगळी मानवी यंत्रांच्या घड्याळांशी नातं सांगणारी निघाली. या तपासाला साधारण वर्षभर लागलं. तुमची नायिका हेच काम एका रात्रीत उरकते.

खोडदनं दुसऱ्या ग्रहावरचा आवाज एकदा खरोखर ऐकलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण सिग्नल इथल्या डिश टिपत होत्या. उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात रेघ तुटली. यान आदळलं होतं. कंट्रोल रूममध्ये बसून कोट्यवधी किलोमीटरवरची रेघ अचानक संपताना बघणं म्हणजे काय, हे माहीत असलेली माणसं जुन्नर तालुक्यात चहा पीत बसलेली असतात. तुमची नायिका तेव्हा तिथे शिकाऊ होती असं करा. मग तिच्या मनात रेघेबद्दल जे असेल ते तुम्हाला शब्दांत सांगावं लागणार नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. तुमच्या कथेत सिग्नल आपल्यासाठी पाठवलेला आहे. का? बूस्टरवाल्या आजींनी आम्हाला पत्र लिहिलं नव्हतं. आपण स्वतः कुणाला काय मुद्दाम पाठवलंय? पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीवरून १६ नोव्हेंबर १९७४ ला एक संदेश गेला, तीन मिनिटांपेक्षाही लहान. बाकी आपण जे बाहेर सोडलं ते बहुतेक कामाच्या ओघात. त्याच अरेसिबोच्या दुर्बिणीवर लघुग्रहांची मोजमापं करायला एक रडार होतं, साधारण दहा लाख वॉटचं. त्याचा झोत लघुग्रहावर पडायचा, बराचसा भाग बाजूनं पुढे निघून जायचा. मागे कुठेतरी एखादा तारा त्या रेषेत असला तर तिथल्या कुणाला काही सेकंद, काही मिनिटं एक धारदार, कृत्रिम रेघ दिसेल, आणि मग ती पुन्हा कधीच दिसणार नाही. ती दुर्बीण २०२० च्या १ डिसेंबरला कोसळली. झोत अजून चाललेले आहेत.

हे उलटं करून बघा. अमेरिकेत ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीवर १९७७ च्या १५ ऑगस्टला एक सिग्नल आला. ७२ सेकंद टिकला, कारण ती दुर्बीण जागची हलत नसे आणि आकाशातला एक ठिपका तिच्यासमोरून सरकायला तेवढाच वेळ लागे. संगणक प्रत्येक दहाबारा सेकंदांची ताकद एका आकड्यानं किंवा अक्षरानं छापायचा; नऊच्या पुढे ए, बी, सी अशी चढती अक्षरं. छापून आलं: ६, ई, क्यू, यू, जे, ५. चढलं, शिगेला गेलं, उतरलं. आकाशातली वस्तू समोरून जावी तसं. काही दिवसांनी तिथले संशोधक जेरी एहमन यांनी तो कागद चाळताना त्या सहा चिन्हांना लाल पेननं गोल केला आणि बाजूला 'वॉव!' लिहिलं. पुढे त्या जागेकडे कितीदा कान लावले, पुन्हा काही आलं नाही. न परतणारा सिग्नल शास्त्रज्ञाला जवळजवळ निरुपयोगी असतो. लेखकाला नसतो. तिथे कुणीतरी आपला लघुग्रह मोजत होतं, आपण मध्ये आलो, एवढंच कथेत असू द्या. ते आपल्याकडे बघतही नव्हते, हे कळायला नायिकेला दोनशे पानं लागली तरी चालतील.

सरकार बातमी दाबतं हा भाग काढून टाका, असं मी सरळच म्हणेन. नीतीचा प्रश्न नाही, भूगोलाचा आहे. तारा जुन्नरच्या डोंगराआड गेला की खोडद आंधळं. पाठलाग चालू ठेवायचा तर पश्चिमेकडच्या कुणाला तरी उठवावं लागणार. जर्मनीतलं एफेल्सबर्ग, इंग्लंडमधलं जॉड्रेल बँक, मग अमेरिकेतलं ग्रीन बँक. पूर्वेला चीनची ५०० मीटरची 'फास्ट' नावाची दुर्बीण. दुसऱ्या दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि दुसऱ्या दुर्बिणीला सांगितलं की ते गुपित राहिलं नाही. शिवाय दुर्बिणीचा वेळ आधी अर्ज करून वाटलेला असतो. तुमच्या नायिकेला आज रात्री पुन्हा तोच तारा बघायचाय, तर आज रात्री ज्याची पाळी आहे त्या बिचाऱ्याचं सहा महिन्यांपूर्वी मंजूर झालेलं काम बाजूला ठेवावं लागेल. त्याला कारण सांगावं लागेल. तो संशोधक बंगळुरूचा असेल किंवा नेदरलँड्सचा, आणि त्याच्या जेवणाच्या टेबलावर आणखी चारजण असतील. बातमी अशी फुटते. काळ्या गाड्यांची वाट बघायची गरज नाही.

नियम म्हणाल तर आहेत आणि नाहीत. १९८९ साली या विषयातल्या लोकांनी एक आचारसंहिता केली, २०१० मध्ये ती सुधारली. सारांश असा: आधी खात्री करा, मग इतर वेधशाळांना सांगा, मग जगाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना, आणि सगळ्यांशी बोलल्याशिवाय उत्तर पाठवू नका. तो कायदा नाही. मोडला तर कुणी पकडून नेणार नाही. आपापसातला शब्द आहे, आणि कथेच्या दृष्टीनं शब्द मोडणं हे कायदा मोडण्यापेक्षा जास्त कामाचं. बातमीचं वजन ठरवायला शून्य ते दहा अशी एक रिओ मोजपट्टीही आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकदीडवरच अडून बसतील.

आता अर्थ लावण्याविषयी. तुमच्या नायिकेला मूळ संख्या दिसतात, त्यावरून चित्र तयार होतं, चित्रातून संदेश. अरेसिबोचा संदेश असाच रचला होता: १६७९ ठोके, आणि १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दुसरा कुठला गुणाकार नाही. त्या मापाच्या चौकटीत ठोके भरले की माणसाची काठीसारखी आकृती दिसते. उभ्याआडव्याची अदलाबदल झाली की निव्वळ खिचडी. आणि ओळीओळीनं रचून चित्र बघायची कल्पना ज्याला डोळे आहेत त्याचीच. अंधाऱ्या समुद्रात वासावर जगणाऱ्या बुद्धिमान प्राण्याला चौकट म्हणजे काय?

तुम्ही पुण्याचे आहात तर एक काम करा. पेशवे दफ्तरातलं एखादं मोडी पत्र समोर ठेवा. भाषा मराठी, माणसं आपली, तीनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत, आणि तरी शिकवणारा नसेल तर तुम्हाला एक ओळ लागणार नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचे लेख तर सरासरी पाचेक चिन्हांचे. माणसांनी लिहिलेले, बैल आणि हत्ती ओळखू येतात, पण लेख अजून कुणी सर्वमान्य रीतीनं वाचलेला नाही. इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती १८२२ मध्ये, कारण रोझेटाच्या दगडावर तोच मजकूर शेजारी ग्रीकमध्ये होता. ताऱ्यावरून येणाऱ्या मजकुराशेजारी ग्रीक नसणार.

पण पत्र न वाचताही बरंच कळतं, आणि इथे तुमच्या नायिकेला खरी कमाई आहे. पाकीट न फोडता पोस्टाचा शिक्का वाचावा, तसं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे १४२० मेगाहर्ट्झची रेघ आपल्या अक्षांशावर सेकंदाला जास्तीत जास्त ०.१५ हर्ट्झच्या आसपास सरकते. हे आपलं सरकणं नेमकं माहीत आहे, ते वजा करा. उरलं ते त्यांचं. रेघ काही तासांच्या तालात मागेपुढे झुलत असेल तर तो त्यांचा दिवस. काही महिन्यांच्या मोठ्या झोक्यात हलत असेल तर ते त्यांचं वर्ष. वर्षाच्या लांबीवरून आणि ताऱ्याच्या वजनावरून ग्रहाचं अंतर, अंतरावरून ऊब. एक अक्षर वाचलेलं नाही, आणि नायिकेला माहीत आहे की त्यांच्याकडे दिवस एकोणीस तासांचा आहे आणि ट्रान्समीटर सूर्य मावळला की बंद होतो. का होतो ते तिला कळणार नाही. कदाचित तिकडेही गुरुवारी लोडशेडिंग असेल.

उत्तर पाठवण्याचं प्रकरण मी शेवटी ठेवलं कारण त्यावर मला फार बोलायचं नाही. तारा चाळीस प्रकाशवर्षांवर असेल तर आज ऐकलेलं चाळीस वर्षांपूर्वीचं, आणि आज केलेला नमस्कार पोचून परत यायला ऐंशी वर्षं. तुमच्या मसुद्यात उत्तर तीन पानांत येतं. मराठी वाचकाला ऐंशी वर्षं समजावून सांगायला वेगळी उपमा नको, आपल्याकडे बांधाचा दावा असतोच: आजोबांनी लावला, बापानं तारखा केल्या, नातू निकाल आणायला जातो आणि तोवर ज्याच्याशी भांडण होतं ते घरच उठून गेलेलं असतं. संपर्काची फाईल तशीच हातोहात जाईल. शेवटचं प्रकरण २१०० नंतरच्या एखाद्या कारकुनाला द्या.

आपला एक नमस्कार मात्र आधीच वाटेवर आहे, तोही मराठीत. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी लावली; तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी. मराठी नमस्कारात एक बाई परग्रहवासीयांना शुभेच्छा देतात की तुम्ही 'ह्या जन्मी धन्य व्हा'. मला यातला 'ह्या' फार मोलाचा वाटतो. इतर जन्मही असतात हे त्यात किती सहज गृहीत धरलंय! ज्यांना आपण कधी पाहिलं नाही त्यांच्याशी बोलतानाही आपण आपलं घर बरोबर घेऊन जातो. तुमचे परग्रहवासीही तसेच घर घेऊन येऊ द्यात. सध्या ते पौराणिक मालिकेतल्या देवांसारखे बोलतात, 'हे मानवांनो, आम्ही तुमचे निरीक्षण करीत होतो' वगैरे. स्पर्धांसाठी हस्तलिखितं वाचताना हे वाक्य मला वर्षातून चारपाचदा तरी भेटतं. बोलवूच नका त्यांना. रेघ पुरे.

पहिलं प्रकरण नव्यानं लिहा आणि त्यात सिग्नल पहिल्या पानावर नको. आधी नायिकेला दोन बूस्टर पकडू द्या, एक दोषी जनित्र, एखादी कडकड करणारी विजेची तार. तिसऱ्या वेळी ती जीप काढेल, यागी फिरवेल, आणि सिग्नल कुठल्याच वाडीकडे वाढणार नाही.

त्याआधी एकदा खोडद बघून या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं, नारायणगावहून फाटा आहे. डिशच्या खाली उभे राहून वर बघा, वारा जाळीतून जाताना कसा वाजतो ते ऐका, आणि पाळीवर काम केलेल्या कुणाला तरी विचारा की आतापर्यंतचा सगळ्यांत खोडकर सिग्नल कशाचा निघाला. प्रत्येकाकडे एक असतो. आणि हो, आत शिरण्याआधी मोबाईल बंद करा. सायलेंट नव्हे, बंद.